वाचकांची पत्रे : परत आलेल्यांचे युद्ध

मागील अंकातील लेखात, मी सैन्यात डॉक्टर म्हणून केलेल्या नोकरीचा उल्लेख ओघात दोन ओळींत आला होता. लेखाच्या विषयाशी त्याचा फारसा संबंध नव्हता, तरीही त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे त्या दोन ओळींवरच होती. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्याची ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे. एका पत्राचे उत्तर इतरांपेक्षा बरेच लांबले, म्हणून ते शेवटी ठेवले आहे.

प्रश्न : माझे वडील सैन्यातून निवृत्त झाले त्याला २१ वर्षे झाली. ते दाराकडे पाठ करून कधीच बसत नाहीत. झोपेत त्यांना हात लावला तर दचकून अंगावर येतात, आणि युद्धाविषयी विचारले की उठून बाहेर जातात. मात्र पलटणीतील एका जुन्या मित्राचा फोन आला की दार लावून तासभर बोलतात. आम्ही त्यांची सख्खी मुले आहोत, मग आम्हालाच ते काही का सांगत नाहीत? त्यांना बोलते कसे करावे?

उत्तर : तुमच्या प्रश्नात तक्रार आहे आणि तिच्या तळाशी थोडा मत्सरही आहे, जो अगदी स्वाभाविक आहे. परंतु त्या बंद दाराआड काय बोलले जात असेल याविषयी तुम्ही काही भव्य कल्पना करून घेतली असेल, तर ती बहुधा चुकीची ठरेल. अशी संभाषणे मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांत गुडघेदुखी असते, पेन्शनच्या थकबाकीचा हिशेब असतो, एखाद्या सुभेदाराच्या तऱ्हेवाईकपणाची शंभर वेळा सांगून झालेली गोष्ट पुन्हा एकदा सांगितलेली असते, आणि मध्येच अर्धा मिनिट दोन्हीकडून कोणीच बोलत नाही. माझा तर्क असा की तो फोन त्या अर्ध्या मिनिटासाठीच केलेला असतो. मित्रापुढे वडिलांना काही समजावून सांगावे लागत नाही. तुमच्यापुढे मात्र त्यांना आधी तो प्रदेश, तिथली थंडी, आवाज, वास, माणसे हे सगळे उभे करावे लागेल, आणि एवढे करूनही तुमच्या चेहऱ्यावर एक तर कौतुक उमटेल किंवा भीती उमटेल. यांपैकी काहीही त्यांना नको असावे.

दाराकडे पाठ न करणे आणि झोपेत दचकणे या गोष्टींना घरातील लोक 'विचित्र सवयी' म्हणतात, पण ती शरीराने कष्टाने शिकलेली विद्या आहे. आवाज ऐकणे आणि जमिनीवर आडवे होणे यांत अर्धा सेकंद अधिक गेला तर माणूस उरत नाही, अशा जागी काही महिने काढले की शरीर तो धडा इतका पक्का गिरवते की पुढे बुद्धीने कितीही बजावले तरी ते विसरायला तयार होत नाही.

हे काही आजचे नाही, फक्त त्याला दिलेली नावे बदलत गेली. १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने परदेशी चाकरी करणाऱ्या स्विस शिपायांच्या खंगण्याला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिले. आज तो शब्द आपण जुन्या गाण्यांबद्दल वापरतो, पण जन्माने तो एका आजाराचे नाव आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात लढलेल्या शिपायांची धडधड आणि धाप पाहून जेकब दा कोस्टा या अमेरिकन डॉक्टरांनी १८७१ मध्ये त्याचे खापर हृदयावर फोडले. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकीय लेखनात आणला, आणि तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होत असावी असे काही काळ मानले गेले. लवकरच असे दिसले की ज्यांच्या जवळपास एकही गोळा फुटला नव्हता, त्यांचेही हात थरथरत होते. मग शंका थेट माणसाच्या धैर्यावर घेतली जाऊ लागली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने पळून जाणे, भ्याडपणा आणि तत्सम आरोपांखाली ज्या ३०६ सैनिकांना स्वतःच्याच गोळ्यांनी मारले, त्यांना माफी मिळायला २००६ साल उजाडले. आज आपण ज्याला आघातोत्तर तणाव म्हणतो, त्याला मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात जागा मिळाली ती १९८० मध्ये. तुमच्या वडिलांच्या पिढीतील बहुतेकांनी हा शब्द ऐकलेलाही नसतो. त्यांनी ऐकलेला शब्द 'घाबरट' हा असतो, आणि कोणी तो आपल्याला लावू नये म्हणून ते गप्प राहतात.

आता करण्यासारखे काय ते सांगतो. त्यांना उठवायचे असेल तर हात लावू नका, पायांच्या बाजूला थोडे दूर उभे राहून हाक मारा. घरात किंवा शेजारी फटाके वाजणार असतील तर आधी कानावर घाला. समोर बसवून 'आज सांगाच' असे कधीही करू नका, आणि 'तुम्ही कोणाला मारलेत का' हा प्रश्न तर आयुष्यात विचारू नका. काही दुरुस्ती करताना किंवा चालताना, शेजारी शेजारी असताना, लहानसे काही विचारा, उदाहरणार्थ तिथे पाणी कुठून आणावे लागे, किंवा पत्र पोहोचायला किती दिवस लागत. उत्तर आले तर ऐका, आणि त्या उत्तरावर लगेच दुसरा प्रश्न टाकू नका. मात्र आठवडेच्या आठवडे झोप नसेल, दारू वाढत असेल, राग हातापर्यंत येत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे शब्द तोंडून निघत असतील, तर वाट पाहू नका आणि मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन जा. आघाताच्या आठवणीवरच काम करणारे बोलण्याचे उपचार आहेत, औषधेही आहेत, आणि घटनेला कित्येक वर्षे लोटली असली तरी त्यांचा उपयोग होताना मी पाहिला आहे.

एक गोष्ट मात्र राहून गेली आहे. तुमच्या पत्रात आईचा उल्लेख एकदाही नाही. त्या माणसाशेजारी ती इतकी वर्षे झोपली आहे, त्याच्या श्वासावरून आज रात्र कशी जाणार हे ती ओळखत असणार, आणि तुम्ही मुले लहान असताना कोणता आवाज कधी करायचा नाही हे तिनेच तुम्हाला न कळत शिकवले असणार. वडिलांच्या आधी तिला विचारा.

प्रश्न : माझी आजी ९१ वर्षांची आहे. ती ८ वर्षांची असताना तिचा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला. पुढे तो बेपत्ता असल्याची तार आली, त्यानंतर काही नाही. आजी अजूनही रात्री दाराला आतून कडी घालू देत नाही. तो केव्हाच गेला हे तिला आता तरी स्पष्ट सांगावे, असे काकांचे म्हणणे आहे. सांगावे का? आणि इतक्या वर्षांनी काही शोध लागू शकतो का?

उत्तर : तिला ते माहीत नाही, असे काकांना कशावरून वाटते? ज्या बाईने ऐंशीहून अधिक वर्षांचा हिशेब मनात ठेवला, तिला माणसाचे आयुष्य किती असते हे कळत नसेल असे मला वाटत नाही. भाऊ गेला हे तिला ठाऊक आहे आणि दार उघडे राहिले पाहिजे हेही तिला ठाऊक आहे. ही दोन ज्ञाने तिच्या मनात शेजारी शेजारी नांदत आहेत. अमेरिकेतील कुटुंब-समुपदेशनाच्या अभ्यासक पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करताना याच अवस्थेला नाव दिले. मराठीत त्याला संदिग्ध वियोग म्हणता येईल. ज्याचे शव हाती येत नाही, त्याचा शोक सुरूच होऊ शकत नाही आणि म्हणून संपतही नाही. अशा माणसाला एका बाजूला ओढून 'आता मान्य कर' म्हणणे हा मला निर्दयपणा वाटतो. कडीचे म्हणाल तर घरातील कोणीतरी रात्री उशिरा, ती झोपल्यावर, ती लावतच असेल. तसेच चालू द्या.

शोधाबद्दल मात्र आशा आहे. १९१७ मध्ये स्थापन झालेला राष्ट्रकुल युद्ध-दफनभूमी आयोग दोन्ही महायुद्धांतील राष्ट्रकुलाच्या सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी सांभाळतो, आणि त्या नोंदी नावावरून कोणालाही विनामूल्य शोधता येतात. ब्रह्मदेशाच्या मोहिमेत ज्यांची कबर वा अंत्यसंस्काराची जागा ज्ञात नाही, अशा जवळजवळ २७,००० जणांची नावे यांगूनजवळील टौक्यान येथील स्मारकाच्या खांबांवर कोरलेली आहेत आणि त्यांत भारतीय नावे फार मोठ्या संख्येने आहेत. शोधताना आपले शुद्धलेखन विसरून जा. तत्कालीन कारकुनाने ऐकू आले तसे नाव इंग्रजीत उतरवलेले असते, त्यामुळे एकाच नावाची पाच-सहा रूपे करून पाहावी लागतात. शिपाई क्रमांक किंवा पलटणीचे नाव असलेला एखादा कागद, पाकीट, बिल्ला घरात सापडला तर काम फार सोपे होते. पहिल्या महायुद्धातील असंख्य भारतीय आणि आफ्रिकी मृतांची नावे गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीने नोंदवली गेली नाहीत, हे आयोगाने २०२१ मध्ये स्वतःच मान्य करून माफी मागितली. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदी त्या मानाने बऱ्या आहेत. तरीही नाव न सापडल्यास तो तुमच्या शोधाचा दोष समजू नका.

आणि नाव सापडले, तर ते आजीला 'पुरावा' म्हणून दाखवू नका. कोरलेल्या नावाचे छायाचित्र मिळाले तर तिच्या हातात द्या आणि तिचे बोट त्या अक्षरांवरून फिरू द्या. पुढचे ती पाहील.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे. सैन्यात जायची तीव्र इच्छा आहे. युद्धाच्या कथा वाचल्या की अंगावर रोमांच उभे राहतात. आई म्हणते, हे वेड आहे. असे वाटण्यात काही चूक आहे का?

उत्तर : नाही. मलाही तसेच वाटत होते. 'युद्धस्य कथा रम्या' हे वचन आपल्याकडे उगीच रूढ झालेले नाही. फक्त त्यात शब्द 'कथा' हा आहे, याकडे लक्ष द्या. जानेवारी १९१५ मध्ये इंग्लंडमधील रुग्णालयातून एका जखमी भारतीय सैनिकाने घरी लिहिले होते की हे युद्ध नव्हे, हा जगाचा अंत आहे, आपल्या पूर्वजांविषयी महाभारतात सांगितले आहे तसेच हे आहे. त्यानेही महाभारत ऐकले होते, बहुधा तुमच्याइतक्याच रोमांचाने. जायचे असेल तर जरूर जा. ते सन्मानाचे काम आहे आणि कोणीतरी ते करावेच लागते. परंतु अर्ज भरण्यापूर्वी पाय गमावलेल्या एखाद्या माणसाबरोबर एक दिवस घालवा, दिवसभर, म्हणजे तो आंघोळ कशी करतो इथपासून. आणि आईच्या म्हणण्याला वेड म्हणून झटकू नका. जाणारा तुम्ही असाल, पण वाट तिला पाहायची आहे.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. युद्धांतील मृतांचे आकडे मुले पाठ करतात आणि आकडा फार मोठा असला तर 'बाप रे' म्हणून हसतात. हे आकडे त्यांच्यापर्यंत कसे पोहोचवावेत?

उत्तर : बाई, मुलांचे हसणे मला फारसे खटकत नाही. लाख म्हणजे किती हे मोठ्यांनाही कळत नाही, ते फक्त हसत नाहीत एवढेच. माझी सूचना अशी की आकड्यापाशी थांबू नये, आकड्याच्या पुढच्या वाक्याकडे जावे. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात कलिंगच्या युद्धाचे आकडे आहेत : दीड लाख माणसे नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली. आपण साधारणतः इथे खडू खाली ठेवतो. लेख मात्र पुढे म्हणतो की ज्यांना स्वतःला काही इजा झाली नाही, त्यांच्याही मित्रांवर, ओळखीच्यांवर, सोबत्यांवर आणि नातलगांवर संकट आले, आणि तीच त्यांनाही इजा आहे. न मेलेल्यांचे दुःख हिशेबात धरणारा राजा बावीसशे वर्षांपूर्वी होऊन गेला, ही गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट सांगा. हा पश्चात्तापाचा लेख अशोकाने साम्राज्यात दूरदूर कोरवला, परंतु खुद्द कलिंगमध्ये, धौली आणि जौगढ येथील खडकांवर, तो कोरलेला नाही. तिथे त्याच्या जागी अधिकाऱ्यांना उद्देशून वेगळे लेख आहेत. असे का केले असावे, हा प्रश्न वर्गात टाका आणि उत्तर देण्याची घाई करू नका. मला स्वतःला एक उत्तर खरे वाटते : ज्यांची माणसे मारली, त्यांच्या डोळ्यांसमोर हा आकडा ठेवणे मारणाऱ्याला जड गेले असावे. पण एखादा मुलगा याहून वेगळे आणि याहून चांगले काही सांगेल.

युद्धाची सनावळी शिकवताना शेवटचे साल दोनदा लिहावे असेही मला सुचवावेसे वाटते, एकदा तह झाला ते आणि एकदा त्याचा खर्च थांबला ते. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. त्या युद्धात लढलेल्या मोझ ट्रिपलेट या सैनिकाला उतारवयात झालेली मुलगी आयरीन हिला वडिलांच्या नावे दरमहा ७३ डॉलर १३ सेंट निवृत्तिवेतन मिळत असे, आणि ते २०२० मध्ये तिच्या मृत्यूबरोबर बंद झाले. म्हणजे १५५ वर्षे. लाओसवर १९६४ ते १९७३ या काळात २० लाख टनांहून अधिक बॉम्ब पडले. त्यांतील लहान बॉम्बगोळ्यांची संख्या सुमारे २७ कोटी होती आणि त्यांतले ३० टक्क्यांपर्यंत त्या वेळी फुटलेच नाहीत. आकाराने ते मुठीत मावणाऱ्या चेंडूएवढे असतात आणि आजही मातीत सापडतात. सापडतात ते बहुधा शेत खणणाऱ्याला किंवा खेळणाऱ्या मुलाला. हे सांगितल्यावर तुमच्या वर्गात कोणी हसणार नाही.

प्रश्न : साहेब, १७ वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो. एका रात्रीच्या चकमकीत माझ्या गोळीने समोरचा माणूस पडला. उजाडल्यावर आम्ही तिथे गेलो. त्याच्या पायांत दोन वेगवेगळे बूट होते. एक मोठ्या मापाचा होता आणि त्याला नाडीऐवजी तार बांधलेली होती. त्याचा चेहरा मला आठवत नाही, बूट आठवतात. मुलाला शाळेचे बूट घ्यायला मी आजवर एकदाही दुकानात गेलो नाही, काहीतरी कारण काढून बायकोला पाठवतो. सगळे म्हणतात, तू तुझे कर्तव्य केलेस. मलाही ते पटते. मग हे जात का नाही?

उत्तर : तुमचे पत्र मी अनेकदा वाचले. 'तुम्ही कर्तव्य केलेत' हे वाक्य मी लिहिणार नाही. ते खोटे नाही, तुम्हाला ते मान्यही आहे, पण ते ऐकवले गेले की दर वेळी बोलणे तिथेच थांबले असणार. ते वाक्य बहुतेक वेळा ऐकणारा स्वतःच्या सुटकेसाठी उच्चारतो.

तुमच्या पत्रात भीती कुठेच नाही, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आवाजाने दचकतो, झोप लागत नाही, असे तुम्ही काही लिहिलेले नाही. पहिल्या पत्रातील वडिलांचा त्रास आणि तुमचा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डॉक्टरही पुष्कळ वर्षे या दोहोंत गल्लत करत आले. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर दीर्घकाळ उपचार करणारे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९० च्या दशकात या दुसऱ्या त्रासाकडे लक्ष वेधले आणि त्याला नैतिक जखम असे म्हटले जाऊ लागले. त्यांचा रोख मुख्यतः वरिष्ठांनी केलेल्या विश्वासघातावर होता. नंतरच्या अभ्यासकांनी त्यात स्वतःच्या हातून घडलेले, डोळ्यांदेखत घडलेले आणि थांबवता न आलेले अशा सगळ्यांचा समावेश केला. भीतीची जखम म्हणते की मी मरेन. तुमची जखम विचारते की आता मी कोण आहे. कायदा, हुकूम आणि सहकारी या तिघांनी निर्दोष ठरवलेल्या माणसालाही ती होते, आणि ती होते याचा अर्थ त्याच्या आतले काही मोडले असा मी घेत नाही. ते शाबूत होते, म्हणूनच दुखले.

महाभारतात भाट सांगतात ते अठरा दिवस. मला सैन्यात असल्यापासून एकोणिसाव्या दिवसाने अधिक छळले आहे. युद्ध जिंकून झाले आहे, नदीकाठी मृतांना तिलांजली देणे चालू आहे, आणि तेव्हा कुंती सांगते की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. युधिष्ठिराने जे केले ते क्षत्रियाचे कर्तव्यच होते, याविषयी कृष्णापासून व्यासांपर्यंत सगळे त्याला समजावत राहतात. पानेच्या पाने समजावतात. त्याचे समाधान होत नाही. ज्याला सारथ्याचा मुलगा म्हणून मारले, त्याला भाऊ म्हणून पाणी देण्याची वेळ त्याच्यावर आली होती. तुमच्या बाबतीत मला वाटते ही ओळख त्या बुटांनी करून दिली. अंधारात समोर होता तो शत्रू, आणि शत्रूला घर नसते. उजेडात दिसला तो दुसऱ्या कोणाचा तरी बूट घालून, नाडी मिळाली नाही म्हणून तार गुंडाळून आलेला, काहीतरी भागवून नेणारा माणूस. असे भागवून नेणे तुम्ही आपल्या घरातही पाहिले असणार.

आता माझे सांगतो. हे मी यापूर्वी कुठे लिहिलेले नाही. एका उंचावरच्या ठाण्याखालील वैद्यकीय तंबूत मी तरुण डॉक्टर होतो. विशी-बाविशीचा एक जवान माझ्याकडे आणला गेला. अंगावर ओरखडाही नव्हता, पण हात थांबत नव्हते आणि दोन दिवस तो एक शब्दही बोलला नव्हता. पहिल्या महायुद्धापासून सैन्यातील डॉक्टर अशा वेळी तीन सूत्रे पाळत आले आहेत : उपचार आघाडीच्या जवळच करावा, लगेच करावा, आणि रुग्ण कामावर परत जाणारच असे गृहीत धरून करावा. ही सूत्रे निरर्थक नाहीत. दूरच्या रुग्णालयात पाठवलेली कित्येक माणसे कायमची आजारी होऊन बसतात, असा अनुभव त्यामागे आहे. परंतु ती सूत्रे रुग्णाला जितकी उपयोगी आहेत त्याहून अधिक पलटणीला उपयोगी आहेत, हेही खरे आहे. मी त्याला झोपेचे औषध दिले, गरम जेवण दिले, दोन रात्री झोपू दिले. तिसऱ्या सकाळी त्याने माझ्याकडे पाहिले आणि मान डोलावली. हात थोडे कमी थरथरत होते. मी कागदावर 'फिट' असे लिहून सही केली आणि तो वर गेला.

त्याचे पुढे काय झाले हे मला सहज कळू शकले असते. नाव होते, क्रमांक होता, खाली येणाऱ्या प्रत्येक तुकडीतील कोणालाही विचारता आले असते. मी विचारले नाही. त्या न विचारण्याला आता ३८ वर्षे झाली. मला ती सही आठवते, 'फिट'मधल्या वेलांटीला लागलेला शाईचा फराटा आठवतो. त्याचा चेहरा, तुमच्यासारखाच, मलाही आठवत नाही.

तुमच्या-माझ्या त्रासाची बरोबरी करण्यासाठी हे सांगितलेले नाही. अशा गोष्टी जात नाहीत, हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही, एवढेच तुम्हाला कळावे. जाण्याऐवजी त्यांची जागा बदलू शकते, आणि त्यासाठी जे उपयोगी पडताना मी पाहिले ते सांगतो. पहिले म्हणजे ही घटना एका माणसापुढे अगदी पहिल्यापासून शेवटपर्यंत, बुटांसकट, एकदा पूर्ण सांगितली गेली पाहिजे, आणि तो माणूस मध्येच 'कर्तव्य' हा शब्द न उच्चारणारा असला पाहिजे. सैनिकांबरोबर काम केलेला समुपदेशक मिळाला तर उत्तम. तो मिळेपर्यंत तुमच्याच पलटणीतील, त्या सकाळी तिथे हजर असलेला कोणी चालेल. त्यानेही ते बूट पाहिले असतील आणि त्यालाही तुम्हाला काही विचारायचे असेल. दुसरे, काही उपचारपद्धतींत मृत माणसाला पत्र लिहायला सांगतात. त्यात क्षमा मागायचीच असे नाही. काय झाले ते त्याला सांगायचे, एवढेच. मला हा प्रकार आधी नाटकी वाटला होता. एका निवृत्त हवालदाराने माझ्यासमोर बसून असे पत्र पूर्ण केले, आणि त्यानंतर मी त्याला नाटकी म्हणणे सोडले.

दुकानाविषयी तुम्ही काही विचारलेले नाही, तरी लिहितो. तिथे जाण्याची सक्ती स्वतःवर करू नका. परंतु बायकोला पाठवताना काढलेले कारण एकदा खरे सांगून पाहा. तिला काहीतरी कळलेले असणार. इतकी वर्षे ती प्रश्न न विचारता मुलाला घेऊन जाते आहे, यावरूनच ते दिसते.

तुमच्या पत्राला मी छापील उत्तर देत असलो तरी हा पत्रव्यवहार इथे थांबवू नये अशी माझी विनंती आहे. पुढचे पत्र माझ्या नावे पाठवा, ते छापले जाणार नाही. तुम्ही लिहिले आहे की एका पायातला बूट मोठ्या मापाचा होता. कोणत्या पायातला, ते लिहिलेले नाही. तिथून सुरुवात करा.